लोडर मोठा करायचा का?



या सदरात मी बहुतेक वेळा मोबाइल, संगणक आणि त्यांच्या खोड्यांबद्दल लिहितो. या वेळचा विषय मात्र खरोखरच वजनदार आहे. गावाकडच्या आमच्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे एक लोडर लावलेला आहे. तो काढून जास्त ताकदीचा, मोठ्या बकेटचा लोडर बसवायचा की नाही, या प्रश्नावर आमच्या घरात मे महिन्यापासून पोळ्यापर्यंत चर्चा चालली. चर्चा म्हणजे थोडं बोलणं आणि बराचसा अबोला. आपल्यापैकी अनेकांचं असंच आहे, नोकरी शहरात आणि वावर गावाकडे. वावराचे निर्णय आपण फोनवर घेतो आणि पैसे ऑनलाइन पाठवतो. म्हणून वाटलं, ही हकीकत तुम्हालाही सांगावी.

आमचं गाव पांढुर्णा आणि सौंसरच्या मधल्या पट्ट्यात आहे. २०२३ पर्यंत आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातले होतो. त्या वर्षी पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. सरकारी कागद हिंदीत, घरात बोलणं मराठीत आणि संत्र्याचा भाव नागपूरला विचारून, अशी आमची तऱ्हा आहे. कपाशी आणि संत्रा ही इथली दोन मुख्य पिकं. आमच्याकडे संत्र्याची सहाशे झाडं आहेत, आजोबांच्या काळातल्या पद्धतीने १८ बाय १८ फुटांवर लावलेली. म्हणजे जेमतेम साडेचार एकर. झाडं आता मोठी झाली आहेत, फांद्या एकमेकींत गुंतल्या आहेत. मोठा ट्रॅक्टर आत घातला तर फळं आणि फांद्या दोन्ही मोडतात. म्हणून चार वर्षांपूर्वी २४ एचपीचा, अरुंद बांध्याचा, फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला. गावात पहिल्यांदा आला तेव्हा लोक त्याला खेळणं म्हणायचे. आता तसे बरेच झाले आहेत.

लोडर नंतर आला, आणि त्याला कारण मजुरांची अडचण. बोरगावच्या कारखान्यांत किंवा नागपूरला काम मिळत असेल, तर उकिरड्यातून शेणखताची घमेली डोक्यावर वाहायला कोण येणार? त्यांचंही बरोबरच आहे. बाबांनी दोन हंगाम स्वतः फावडं मारलं आणि कंबर धरून बसले. तेव्हा मी एका फॅब्रिकेटरकडून लहान लोडर बनवून घेतला. खत भरायला, माती ओढायला, छाटलेल्या फांद्या बाहेर न्यायला तो चांगला उपयोगी पडला. बाबा ६७ वर्षांचे आहेत. लोडर आल्यापासून त्यांची चाल बदलली, असं आई म्हणते.

आता मे महिन्याची गोष्ट. मी सुट्टीवर घरी होतो. शेततळं कोरडं पडलं होतं आणि तळाचा गाळ काढून बागेच्या बरड भागात टाकायचा होता. वरून कोरडा दिसणारा गाळ खाली चांगलाच ओला निघाला. बाबांनी बकेट भरली, वर उचलली आणि ट्रॉलीकडे वळले. ट्रॉली धुऱ्याच्या उतारावर उभी होती. वळताना ट्रॅक्टरचं मागचं उजवं चाक जमिनीवरून उचललं गेलं. वीतभर असेल. मी वीस फुटांवर होतो आणि ओरडण्याशिवाय काही करू शकत नव्हतो. बाबांनी त्याच क्षणी लिव्हर दाबून बकेट खाली घेतली आणि चाक परत टेकलं. सगळं मिळून दोन सेकंद. आई धुऱ्यावरच्या निंबाखाली डबा उघडत बसली होती, ती उठून उभी राहिली. त्या दिवशी कोणीच नीट जेवलं नाही.

संध्याकाळी बाबांनी निदान केलं, "लोडरच कमजोर हाय. बकेट वर जातानी कसा कण्हत होता, आयकलं नाही का? जॅक मोठे टाकले का काम झालं."

दुसऱ्या दिवशी ओळखीचा मिस्त्री आला. त्याने दोन पर्याय सांगितले. पहिला स्वस्तातला: व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली दोन वायसर टाकून प्रेशर वाढवायचं. दुसरा पक्का: नवा लोडर, ४० ऐवजी ५० मिलिमीटरचे जॅक आणि दीडपट मोठी बकेट. खर्च एक लाख चाळीस हजार. मी तर पैसे भरायला तयारच होतो. काल डोळ्यांसमोर जे पाहिलं, त्यानंतर एक लाख चाळीस हजार मला स्वस्त वाटत होते. मोबाइल हातात घेऊन बँकेचं अॅप उघडलं सुद्धा.

पण आमच्या नोकरीत एक सवय लागते. एखादा प्रोग्राम हळू चालतोय म्हणून कोणी "मोठा सर्व्हर घ्या" म्हणालं, की आधी मोजायचं: नक्की अडतंय कुठे? नाही मोजलं तर मोठा सर्व्हर येतो, बिल येतं आणि प्रोग्राम तितकाच हळू चालतो. मी मिस्त्रीला म्हटलं, आठ दिवस द्या. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलला.

सुरुवात जॅकपासून केली. जॅकची ताकद म्हणजे तेलाचं प्रेशर गुणिले आतल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ. ४० मिलिमीटरच्या जागी ५० मिलिमीटरचा जॅक घातला, तर क्षेत्रफळ साधारण दीडपट होतं, म्हणून ताकदही दीडपट. पण पंप तोच आणि मिनिटाला येणारं तेलही तेवढंच. तेवढ्याच तेलाने दीडपट जागा भरायची, म्हणजे बकेट वर जायला दीडपट वेळ लागणार. प्रेशर वाढवायचा पर्याय याहून वाईट. तो व्हॉल्व्ह मुद्दाम बसवलेला असतो. वजन जास्त झालं की तेल परत टाकीत सोडून तो पंप, पाईप आणि सांधे वाचवतो. त्या दिवशीचं कण्हणं त्याचंच होतं. लोडर आम्हाला सांगत होता की हे माझ्या आवाक्यातलं नाही. आणि आम्ही निघालो होतो त्याचं तोंड बंद करायला.

तरी मुख्य प्रश्न राहिलाच. लोडर कण्हला हे खरं, पण चाक उचललं गेलं ते कशामुळे? त्याचं उत्तर धर्मकाट्यावर मिळालं. रस्त्यावरच्या एका धर्मकाट्यावर दुपारी गर्दी नसते. तिथे ट्रॅक्टर नेला. आधी पूर्ण ट्रॅक्टर तोलला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून पन्नास-पन्नास किलोची सात पोती सोबत नेली होती. काट्यावरचा मुलगा हसत होता. संत्रा तोलायला लोक येतात, ट्रॅक्टरची चाकं वेगवेगळी तोलायला आलेले आम्ही पहिलेच.

आकडे असे निघाले. रिकामा लोडर लावलेला आणि बाबा बसलेले, एकूण ११०० किलो: पुढच्या चाकांवर ६७०, मागच्यांवर ४३०. बकेटमध्ये चार पोती म्हणजे २०० किलो ठेवली, तर पुढे १०४० आणि मागे २६०. सात पोती म्हणजे ३५० किलो ठेवली, तर पुढे १३१० आणि मागे फक्त १४०.

हा शेवटचा आकडा मी बाबांना दाखवला. एवढा मोठा ट्रॅक्टर आणि मागच्या दोन्ही चाकांवर मिळून १४० किलो, म्हणजे बाबा आणि मी मागे उभे राहावं इतकंच वजन. पुढचा अॅक्सल तराजूच्या दांडीसारखा काम करतो. बकेट त्याच्या पुढे सव्वा मीटरवर लटकलेली, म्हणून तिच्यात टाकलेला प्रत्येक किलो पुढे स्वतःपेक्षा जास्त भार देतो आणि तो जादा भार मागच्या चाकांवरून उचलून आणतो. आमच्या मोजमापात बकेटमधल्या शंभर किलोमागे मागची चाकं सुमारे ८४ किलोने हलकी झाली. तेही सपाट काट्यावर, बकेट खाली असताना. लोडरचे हात वर जाताना आडवे होतात, तेव्हा बकेट सर्वांत पुढे असते. त्यात उतार, त्यात वळण.

वळणाचा मुद्दा मला आधी माहीतच नव्हता. ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल मधोमध एका पिनवर झुलता बसवलेला असतो, म्हणजे खड्ड्यातही चारही चाकं टेकून राहतात. त्यामुळे ट्रॅक्टर बाजूला कलू लागला, तर पुढची चाकं सुरुवातीला त्याला सावरत नाहीत. खरा आधार चौकोनी नसतो, तिकोनी असतो: मागची दोन चाकं आणि पुढची ती मधली पिन. वजन मागे आणि खाली असेल तर ते तिकोनाच्या रुंद भागात राहतं. बकेट भरून वर नेली की तेच वजन पुढे, निमुळत्या टोकाकडे सरकतं आणि उंचही जातं. मग थोडा उतारसुद्धा पुरतो. आमचं चाक याच कारणाने उचललं. लोडर कमजोर होता म्हणून नाही, तर त्याने जेवढं उचललं तेवढंही या ट्रॅक्टरला जास्त होतं म्हणून.

मग कागदावर नव्या लोडरचा हिशेब मांडला. त्याचं स्वतःचं वजन आजच्यापेक्षा ८० किलो जास्त. बकेट ३०० लिटरची. ती ओल्या गाळाने भरली तर पाचशे किलोच्या वर जाते. वजाबाकी केली तर मागच्या चाकांवरचं वजन शून्याच्या खाली गेलं. म्हणजे एक लाख चाळीस हजार रुपये देऊन आम्ही असा लोडर आणणार होतो, जो सपाट जमिनीवरसुद्धा मागची चाकं उचलू शकेल. जॅक उचलणार, ट्रॅक्टर उभा राहणार नाही. आणि त्या ट्रॅक्टरवर कोण बसलेलं असणार, हे सांगायला नको.

हे दुखणं नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी हलके ट्रॅक्टर नांगर अडकला की पुढून उठायचे आणि चालवणाऱ्यावर उलटायचे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी अवजार ट्रॅक्टरला तीन दांड्यांनी आणि हायड्रॉलिकने जोडायची पद्धत काढली, तिचं पेटंट १९२६ चं. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसणारी लिफ्ट तिथूनच आली. जास्त ताकदीचं इंजिन न लावता, ओढीचा जोर कुठे पडतो हे त्यांनी बदललं. आणि ज्या नावाने आपण आज पिवळ्या यंत्राला हाक मारतो, त्या जेसीबीचे जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडात एका लहान जागेत काम सुरू केलं. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक म्हणजे शेतीच्या ट्रॅक्टरला पुढे लावायचा हायड्रॉलिक लोडर. १९५३ मध्ये त्यांनी मागे खोदणारा हात जोडला. आजचा जेसीबी पाहा: पुढे बकेट आणि मागे तो वजनदार हात. पुढच्याला तोलायला मागे काहीतरी आहेच.

आपल्याकडे ट्रॅक्टरची अधिकृत तपासणी मध्य प्रदेशातच होते, नर्मदेकाठच्या बुदनीला. केंद्र सरकारची ही कृषी यंत्र प्रशिक्षण आणि परीक्षण संस्था १९५५ पासून तिथे आहे. तिच्या अहवालात ट्रॅक्टरचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर कसं वाटलं गेलं आहे, लिफ्ट किती उचलते, अशी मोजमापं असतात. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. माहितीपत्रकावर "उचलण्याची क्षमता ७५० किलो" असं दिसतं, ती मागच्या लिफ्टची असते. पुढे लोडर लावला म्हणून तो ७५० किलो उचलेल, असं नाही. आम्ही दोघेही चार वर्षं तसंच समजत होतो. मी बीई असूनसुद्धा.

एवढं झाल्यावर बाबा म्हणाले, "बरं, गाळाचं सोड. खताचं काय? तिथं तर मोठी बकेट पाहिजेच ना?" प्रश्न रास्त होता. लोडरचं वर्षातलं मुख्य काम तेच आहे.

म्हणून खताचाही हिशेब केला. मोठ्या संत्र्याच्या झाडाला आम्ही ४० किलो शेणखत देतो. सहाशे झाडं म्हणजे २४ टन. आजची बकेट २०० लिटरची. शेणखत गाळापेक्षा पुष्कळ हलकं, म्हणून तिच्यात साधारण १५० किलो बसतं आणि त्याने ट्रॅक्टरला त्रास होत नाही. २४ टनांना १६० फेऱ्या लागतात. मोठ्या बकेटमध्ये २२५ किलो बसेल, म्हणजे १०७ फेऱ्या. ५३ फेऱ्या वाचल्या. बाबा खूश झाले.

मग मी गेल्या हंगामातला व्हिडिओ काढला, जो आईने सहज म्हणून घेतला होता, आणि त्यावरून वेळ मोजला. बकेट भरायला एक मिनिट, जायला-यायला चार. म्हणजे एका फेरीला पाच मिनिटं आणि ५३ फेऱ्यांना सुमारे साडेचार तास. एका अख्ख्या हंगामात साडेचार तास! बाकीचा वेळ कुठे जातो? खत पसरण्यात. दोन बाया झाडाभोवती खत गोल पसरवतात, एका झाडाला तीन मिनिटं. सहाशे झाडांना तीस तास. त्या वेळात ट्रॅक्टर उभाच असतो आणि बकेट कितीही मोठी असली तरी उभाच राहणार.

आणि ते काम यंत्राच्या हाती द्यायचंही नाही. खत खोडाला टेकून टाकलं, तर कलमाचा डोळा झाकला जातो, तिथे ओल धरते आणि डिंक्याला आमंत्रण मिळतं. ते फांद्यांच्या घेराखाली, खोडापासून लांबच पडायला हवं. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, त्यावरून जड चाकं जितकी कमी फिरतील तितकं बरं. धर्मकाट्याने दाखवलं होतं की भरलेल्या बकेटसोबत पुढच्या चाकांवर टनाच्या वर वजन जातं. म्हणजे मोठा लोडर फेऱ्या कमी करणार आणि प्रत्येक फेरीत मुळं जास्त दाबणार.

हिशेब संपला होता. पण मंडळी, घरातले प्रश्न हिशेबाने संपत नाहीत.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून गोठ्यात गेले. मला वाटलं, पटलं नाही. थोड्या वेळाने मी मागे गेलो. ते म्हणाले, "तुयं गणित बरोबर हाय. पण मले कोणाले हात जोडाचे नाही. जेसीबीवाल्याले चार दिवस फोन करा, मजुरायच्या घरी चकरा मारा. आपलं आपल्या हातानं झालं पाहिजे." आणि मग जरा थांबून, "तू तं पुण्याले राहतं."

त्यात तक्रार नव्हती, पण मला लागलं. कारण खरं काय होतं, तर बाबांना लोडर मोठा हवा होता, म्हणजे कोणाची गरज लागणार नाही. आणि मलाही तो मोठा करायचा होता, म्हणजे माझी गरज लागणार नाही. एक लाख चाळीस हजारांत मी घरी न येण्याची सोय विकत घेत होतो. अॅपवर बोट ठेवताना मला जे समाधान वाटत होतं, ते यंत्राचं नव्हतंच.

त्या रात्री आम्ही बापलेक पहिल्यांदा लोडर सोडून बाकीचं बोललो. ते किती वर्षं ट्रॅक्टर चालवणार, बागेतली म्हातारी झाडं काढायची वेळ आली तर पुन्हा संत्राच लावायचा का, आणि लावला तर १८ फुटांवर की जरा मोकळा, म्हणजे ट्रॉली आत जाईल. सगळ्याची उत्तरं मिळाली नाहीत. पण लोडरचं ठरलं.

लोडर मोठा करायचा नाही. त्याऐवजी चार गोष्टी करायच्या.

पहिली, मागे वजन. गावातल्या वेल्डरकडून लोखंडी ड्रममध्ये लिफ्टला जोडायच्या पिना बसवून घेतल्या आणि त्यात काँक्रीट ओतलं, एकूण २०० किलो. खर्च सहा हजारांच्या आसपास. पुन्हा धर्मकाट्यावर गेलो. बकेटमध्ये २०० किलो आणि मागे हा ड्रम: मागच्या चाकांवर २६० चे ५८० झाले आणि पुढच्यांवर १०४० चे ९२० च झाले. २०० किलो लटकवले आणि मागे ३२० किलो वाढले, कारण मागचं वजनही तराजूच्या दांडीला लटकतं, फक्त आपल्या बाजूने. आपल्याकडे मागच्या टायरमध्ये पाणी भरायची पद्धत आहे. त्यानेही पकड वाढते, पण ते वजन मागच्या अॅक्सलवरच बसतं, पुढच्या चाकांचा भार हलका करत नाही. आमच्यासाठी ड्रम बरा ठरला. बाबांनी त्याला "म्हैस" असं नाव दिलं आहे. लोडर चालवायचा तर म्हैस मागे बांधलेली पाहिजेच.

दुसरी गोष्ट, बकेट गुडघ्याच्या वर न्यायची नाही. चालताना आणि वळताना ती खालीच. उंच करायची ती फक्त सपाट जागी उभं राहून, समोर ओतायच्या वेळी. ट्रॉली उतारावर लावायची नाही. या नियमाला काहीच खर्च नाही आणि पाळायला हाच सर्वांत कठीण आहे.

तिसरी, ओला गाळ, मुरूम, दगड हे लोडरचं काम नाही. बकेट तीच आणि भरलेलीही तेवढीच दिसते, पण खताने १५० किलोची आणि गाळाने साडेतीनशेची होते. डोळ्यांना फरक कळत नाही, अॅक्सलला कळतो. वर्षातून एकदा जेसीबी बोलवायचा. आमच्याकडे तासाला बाराशे रुपये घेतात. आमच्या शेततळ्याला दहा-बारा तास पुरतात. एक लाख चाळीस हजारांत किती वर्षं गाळ निघेल, ते तुम्हीच काढा. जेसीबीवाल्याला फोन मी पुण्यातून करीन, हात जोडायचे ते मी जोडीन, हेही ठरलं.

चौथी, डोक्यावरची कमान, म्हणजे रोलबार. आमच्या ट्रॅक्टरला ती नव्हती. बागेत फांद्यांना अडते म्हणून घेतलीच नव्हती. आता मागे पाडता येणारी, कंपनीची, त्याच मॉडेलची मागवली. वेल्डरकडून पाइप वाकवून घेऊ नका, उलटताना तो कितपत टिकेल हे कोणी तपासलेलं नसतं. कमान उभी असेल तेव्हा पट्टा लावायचा. कमान नसेल किंवा पाडलेली असेल तेव्हा पट्टा लावायचा नाही, कारण मग माणूस यंत्राखाली बांधलेला राहतो. चौघांत सर्वांत जास्त पैसे या कमानीला लागले आणि हा खर्च करताना मला पहिल्यांदा वाटलं की पैसे योग्य जागी जात आहेत.

पाचवी गोष्ट कागदावर नव्हती. आंबिया बहाराचं खत डिसेंबरात पडतं. तो आठवडा मी सुट्टी घेऊन गावी राहायचं. साडेचार तास वाचवणारी बकेट आली नाही, तर त्या तासांची भरपाई कोणीतरी करायला हवी ना!

पोळ्याला आमच्याकडे आता बैलजोडी नसते. बाबा ट्रॅक्टर धुतात, हार घालतात, आई ओवाळते. यंदा म्हशीलाही, म्हणजे त्या काँक्रीटच्या ड्रमलाही, कुंकू लागलं. बाजूच्या काकांनी विचारलं, "काहो, नवा लोडर येणार होता ना?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "येणार होता. मंग आमी त्याले तोलून पाह्यलं."

बाबा पूर्ण खूश आहेत असं मी म्हणणार नाही. शेजारच्या वावरात मोठा लोडर दिसला की ते अजून थांबून पाहतात. आईने मात्र परवा फोनवर हळूच सांगितलं की मी नसतानाही बकेट खालीच असते. मी तिला विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं.

तुमच्याही घरी ट्रॅक्टर असेल आणि असा प्रश्न पडला असेल, तर पैसे पाठवण्याआधी एकदा धर्मकाट्यावर जाऊन या. आमचे आकडे आमच्या ट्रॅक्टरचे आहेत, तुमचे वेगळे निघतील. पुढचं, मागचं आणि भरल्या बकेटचं वजन एका कागदावर लिहा आणि जो चालवतो त्याच्यासमोर ठेवा. आणि जमलं तर तो कागद घेऊन स्वतः जा, फोटो पाठवू नका.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. तोवर डिसेंबरच्या सुट्टीचा अर्ज टाकून ठेवतो.